स्ट्रकॉपीच्या हकालपट्टीची कहाणी

1970च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाची मेमरी किलोबाइटमध्ये मोजली जायची आणि एकेक बाइट जपून वापरावा लागायचा. न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची तेव्हा 'सी' ही भाषा घडवत होता. अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग, मेमरीत कशी साठवायची हा त्याच्यापुढचा एक लहानसा प्रश्न होता. आधीच्या बीसीपीएल भाषेत स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच तिची लांबी लिहिलेली असे. केन थॉम्प्सन या रिचीच्या सहकाऱ्याने बीसीपीएलवरून 'बी' भाषा बेतली तेव्हा ही लांबी काढून टाकली आणि स्ट्रिंगच्या अखेरीला एक खुणेचं अक्षर ठेवलं. रिचीने तीच रीत पुढे चालवली. खूण म्हणून त्याने शून्य मूल्याचा बाइट घेतला. 1993मध्ये सीचा इतिहास सांगताना त्याने याची दोन कारणं दिली. लांबी लिहायला आठ-नऊ बिटांचीच जागा असली की स्ट्रिंग किती मोठी असावी यावर बंधन येतं. आणि दुसरं म्हणजे, मोजदाद सांभाळत बसण्यापेक्षा शेवटची खूण ठेवणं सोयीचं वाटलं.

लहान स्टेशनवरून मालगाडी न थांबता निघून जाते तेव्हा स्टेशनमास्तर डबे मोजत नाही, शेवटच्या डब्यावरची खूण पाहतो. ती दिसली की गाडी पूर्ण गेली. सीची स्ट्रिंग अशीच वाचायची: शून्य दिसेपर्यंत पुढे जात राहायचं. मात्र ते शून्य कुठे गळालं असेल तर संगणकाला शंकासुद्धा येत नाही. तो पुढची मेमरीही स्ट्रिंगचाच भाग समजून वाचत जातो.

या रचनेतून स्ट्रिंगची नक्कल करणारं 'स्ट्रकॉपी' हे फंक्शन आलं. त्याला दोन पत्ते द्यायचे, कुठे न्यायचं आणि कुठून न्यायचं. जिथे न्यायचं तिथे जागा किती आहे हे सांगायची सोयच नव्हती. 16 बाइटांच्या जागेत 40 अक्षरं आली तर उरलेली अक्षरं शेजारच्या मेमरीवर लिहिली जातात, मग तिथे काहीही असो. 1978मध्ये कर्निहन आणि रिची यांचं सीवरचं पुस्तक आलं. त्यात पॉइंटर शिकवताना स्ट्रकॉपी लिहून दाखवलं आहे. शेवटी सगळं काम एका ओळीच्या लूपमध्ये मावतं. ती ओळ खरोखर देखणी आहे आणि तिच्या देखणेपणाने कित्येक पिढ्यांना भुरळ घातली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात इंजिनिअरिंगची पोरं सी शिकली ती बहुतकरून नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वरून, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. तिथेही स्ट्रकॉपी आणि आलेली ओळ वाचून घेणारं, पण जागा किती हे तसंच न विचारणारं 'गेट्स' ही रोजच्या वापरातली फंक्शनं होती. जगभरची पुस्तकं तेव्हा तेच शिकवत होती.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या 1979च्या सातव्या आवृत्तीत 'स्ट्रएनकॉपी' हा भाऊबंद दिसतो. त्याला तिसरा आकडा द्यायचा: जास्तीत जास्त इतके बाइट. नाव ऐकून कुणालाही वाटेल की हीच स्ट्रकॉपीची सुरक्षित आवृत्ती. त्याचा जन्म मात्र वेगळ्याच कामासाठी झाला होता. त्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली एकेक नोंद 16 बाइटांची असे. दोन बाइट फाइलच्या क्रमांकाला, 14 तिच्या नावाला. नाव आखूड असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची; नाव बरोबर 14 अक्षरांचं असेल तर शेवटी शून्य ठेवायचंच नाही, कारण जागा किती हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्ट्रएनकॉपी नेमकं हेच करतं. ठरीव मापाच्या रकान्यासाठी ते बिनचूक होतं. पुढे लोकांनी ते साध्या स्ट्रिंगसाठी वापरायला घेतलं, आणि मूळ मजकूर लांब निघाला की शेवटचं शून्य गायब होऊ लागलं. ज्या खुणेवर सगळा डोलारा उभा तीच खूण 'सुरक्षित' फंक्शनने खाल्ली.

2 नोव्हेंबर 1988च्या रात्री जागा न विचारण्याच्या बेफिकिरीची किंमत जगाला कळली. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एमआयटीतल्या एका संगणकावरून एक किडा, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, सोडून दिला. त्याच्या वाटांपैकी एक युनिक्सच्या 'फिंगर' सेवेतून जात होती. ही सेवा समोरून आलेली ओळ गेट्स या फंक्शनने वाचून 512 बाइटांच्या जागेत ठेवायची. किड्याने 536 बाइट पाठवले. जास्तीच्या बाइटांनी परतीचा पत्ता, म्हणजे काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचं ती नोंद, पुसून तिथे किड्याच्या सोयीचा पत्ता लिहिला, आणि संगणक निमूटपणे तिकडे वळला. सुमारे 6,000 संगणक बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा सांगितला गेला. मॉरिसला तीन वर्षांचं प्रोबेशन, 400 तासांची समाजसेवा आणि दहा हजार डॉलरच्या वर दंड झाला. गेट्स हे फंक्शन भाषेच्या प्रमाणित आवृत्तीतून निघालं 2011मध्ये. गुन्हेगाराची शिक्षा भोगून झाली तरी हत्यार दोन दशकं दुकानात विकायला होतं!

1996मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात 'अलेफ वन' या टोपणनावाने एक लेख आला. स्टॅकवरची जागा ओसंडून वाहू द्यायची आणि त्यातून संगणकाचा ताबा कसा मिळवायचा, हे त्यात पायरीपायरीने समजावलं होतं. तोवर मोजक्या लोकांना ठाऊक असलेली विद्या आता कुणालाही घरबसल्या शिकता येऊ लागली. दुसऱ्या बाजूलाही हालचाल सुरू होती. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचे लोक आपला सगळा कोड ओळीओळीने तपासत होते. त्यांच्यातल्या टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी 1998मध्ये 'स्ट्रएलकॉपी' आणलं. जागेचा आकार द्या. मजकूर मावला नाही तर कापला जाईल, पण शेवटी शून्य नक्की असेल. शिवाय मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत मिळेल, म्हणजे काही कापलं गेलं का हे ताडून पाहता येईल.

लिनक्सच्या जगात मात्र त्याला दार बंद झालं. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रामांची मूळ लायब्ररी, तेव्हा उलरिख ड्रेपरच्या हाती होती. 2000मध्ये प्रस्ताव आला तेव्हा त्याने तो तुच्छतेने झटकला. मजकूर गुपचूप कापणं हीसुद्धा चूकच आणि नीट प्रोग्रामरला लांबी ठाऊक असतेच, असा त्याचा रोख होता. पहिला मुद्दा वजनदार आहे. दुसऱ्याला इतिहासाने काडीचाही आधार दिलेला नाही.

मायक्रोसॉफ्टचा मार्ग निराळा. 2001मध्ये 'कोड रेड' आणि 'निमडा' या किड्यांनी नाचक्की केल्यावर 15 जानेवारी 2002 रोजी बिल गेट्सने सर्व कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं: यापुढे नव्या सोयींपेक्षा सुरक्षितता आधी. विंडोजवरचं नवं काम थांबवून हजारो अभियंत्यांना जुना कोड तपासायला बसवण्यात आलं. त्या काळात सुरक्षित स्ट्रिंग फंक्शनांचा संच आला, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी त्याची कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली, जोडआवृत्तीही. पुढे स्ट्रकॉपीचं नाव कंपनीच्या बंदी यादीत गेलं, आणि व्हिज्युअल स्टुडिओ 2005पासून ते वापरलं की कंपायलर टोकू लागला. वरून हुकूम आला की काम किती वेगाने होतं, याचा हा नमुना. तरी ऑगस्ट 2003मध्ये 'ब्लास्टर' आलाच. त्याने वापरलेल्या चुकीत स्ट्रकॉपी नव्हतंच. संगणकाचं नाव उतरवून घेणारा हाती लिहिलेला लूप होता, जागा संपली का हे न पाहणारा. यादीतलं नाव शोधून तो सापडला नसता, आणि नुकत्याच तपासणीतून गेलेल्या विंडोज सर्व्हर 2003मध्येही तो तसाच होता.

लिनक्स कर्नलकडे असा हुकूम देणारा कुणी नाही, आणि हुकूम पाळणारं एक कार्यालयही नाही. त्यातला अर्ध्याहून अधिक कोड ड्रायव्हरांचा, म्हणजे नेटवर्क कार्ड, कॅमेरे, साउंड कार्ड चालवणारा. तो जगभरच्या कंपन्यांनी आणि हौशी लोकांनी लिहिलेला असतो, आणि नवा ड्रायव्हर बहुधा जुना समोर ठेवून लिहिला जातो. साधं उदाहरण घ्या. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला विचारता येतं, 'तुझं नाव काय?' उत्तरासाठी 32 बाइटांचा रकाना ठरलेला. प्रत्येक ड्रायव्हरमध्ये हे नाव रकान्यात उतरवणारी ओळ असते, आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जशीच्या तशी गेलेली असते. कुणी स्ट्रकॉपी वापरलं, कुणी स्ट्रएनकॉपी, आणि 2003मध्ये कर्नलने स्ट्रएलकॉपी स्वीकारल्यावर कुणी ते. ओळीतलं फंक्शन पाहून तिचा काळ ओळखावा अशी स्थिती.

ड्रायव्हरमध्ये ही चूक जास्त महाग पडते. साधा प्रोग्राम कोलमडला तर तो एकटा कोलमडतो. ड्रायव्हर कर्नलच्या अधिकाराने चालतो. 2011मध्ये एका सुरक्षा-संशोधकाने बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या यूएसबी वाद्यांचा 'कायाक' हा ड्रायव्हर उघडा पाडला. वाद्य जोडलं की ते स्वतःचं नाव सांगतं आणि ड्रायव्हर ते स्ट्रकॉपीने 80 बाइटांच्या जागेत उतरवतो. यूएसबीच्या नियमानुसार असं नाव 126 अक्षरांपर्यंत जाऊ शकतं. खऱ्या वाद्यांची नावं आखूड होती, त्यामुळे वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. पण नाव सांगणारं यंत्र खरंच वाद्य आहे, याची खात्री कोण देणार? मुद्दाम लांब नाव सांगणारं उपकरण जोडलं की कर्नलची मेमरी ओसंडते. कर्नलचा साउंड विभाग सांभाळणारा मेंटेनर ताकाशी इवाई याने स्ट्रकॉपीच्या जागी स्ट्रएलकॉपी घातलं आणि भोक बुजलं.

आता गंमत अशी की उपायाच्याही पोटात रोग होता. मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत द्यायची तर स्ट्रएलकॉपीला तो मजकूर शेवटच्या शून्यापर्यंत वाचावाच लागतो. जागा 16 बाइटांची असली आणि मूळ स्ट्रिंगचं शून्यच हरवलेलं असलं, तर ते शेजारच्या मेमरीत कुठवर भटकेल सांगता येत नाही. शिवाय कर्नलमधलं रूप आधी लांबी मोजायचं आणि मग नक्कल करायचं. मधल्या क्षणी दुसऱ्या कुणी मूळ मजकूर बदलला तर मोजलेलं आणि उतरवलेलं जुळत नाही. एका वेळी डझनावारी कामं चालणाऱ्या कर्नलमध्ये ही भीती पुस्तकी नाही.

2015मध्ये टाइल प्रोसेसरवरचा कोड सांभाळणाऱ्या ख्रिस मेटकाफने 'स्ट्रएसकॉपी' पुढे केलं. हे लागेल तेवढंच वाचतं, शून्य नेहमी ठेवतं, आणि मजकूर मावला नाही तर सरळ त्रुटीचा ऋण आकडा परत करतं. ऑक्टोबरमध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने ते 4.3 या आवृत्तीसाठी घेतलं, पण यावर आपण बराच काळ डळमळत होतो अशी कबुली देऊन आणि एक तंबीही देऊन. नवं फंक्शन मिळालं म्हणून डोकं न चालवता जुन्या ओळी बदलत सुटू नका, असे घाऊक पॅच, म्हणजे कोडमधले बदल, मी घेणार नाही. 'सुधारलेल्या' फंक्शनाच्या भरात चालणारा कोड बिघडवलेला त्याने पुरेसा पाहिला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरक्षेवर काम करणाऱ्या कीस कुक याने कर्नलच्या स्वसंरक्षणाचा प्रकल्प जाहीर केला. एकेक भोक बुजवत बसण्यापेक्षा भोकांचे प्रकारच संपवायचे, ही त्यामागची भूमिका. टोरवाल्ड्सची तंबी आणि कुकची चिकाटी यांच्या ओढाताणीत पुढची दहा वर्षं गेली, आणि माझ्या मते दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मधल्या काळात कर्नलच्या कागदपत्रांत कालबाह्य फंक्शनांची यादी आली, तीत स्ट्रकॉपी, स्ट्रएनकॉपी आणि स्ट्रएलकॉपी तिन्ही. 2018मध्ये जीसीसी 8 हा कंपायलर स्ट्रएनकॉपीने शून्य गाळल्याची शक्यता दिसली की ओरडू लागला.

स्ट्रएलकॉपीचा निकाल तुलनेने सहज लागला. बहुतेक ठिकाणी त्याने परत दिलेला आकडा कुणी पाहतच नव्हतं, आणि तिथे स्ट्रएसकॉपी बेधडक बसवता येतं. ऑगस्ट 2022मध्ये वोल्फ्राम सांग याने 'कॉक्सिनेल' हे फ्रान्समध्ये घडलेलं साधन वापरून अशा ओळी हुडकल्या आणि विभागवार पॅच पाठवले. ड्रायव्हरचं नाव 32 बाइटांत उतरवणाऱ्या त्या ओळी त्यांत ढिगाने होत्या. पॅचसोबतच्या टिपणात आधार दिला होता टोरवाल्ड्सच्याच सल्ल्याचा, की स्ट्रएलकॉपी सोडा. घाऊक बदलांना सात वर्षांपूर्वी नाक मुरडणारा माणूस आता त्याच बदलांचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. जानेवारी 2024मध्ये शेवटचे वापर काढून हे फंक्शन कर्नलमधून हटवण्यात आलं आणि मार्चमध्ये 6.8 आवृत्ती त्याच्याविना बाहेर पडली. ग्लिबसीने तेवीस वर्षांच्या नकारानंतर ऑगस्ट 2023मध्ये त्याला घरात घेतलं होतं. एका दारातून सन्मानाने प्रवेश, आणि पाच महिन्यांत शेजारच्या दारातून गच्छंती.

स्ट्रएनकॉपी मात्र हटता हटेना. प्रत्येक ओळीपुढे बसून विचारावं लागे, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं? त्याला शून्याने संपणारी स्ट्रिंग हवी होती, की सातव्या युनिक्ससारखा ठरीव रकाना? स्कझी डिस्क स्वतःची ओळख सांगते तेव्हा कंपनीचं नाव आठ बाइटांत आणि मॉडेल 16 बाइटांत येतं, उरलेल्या जागी स्पेसची अक्षरं, शून्य कुठेच नाही. तिथे स्ट्रएसकॉपी बसवलं तर शेवटचं अक्षर कापून शून्य घातलं जाईल आणि चालणारं यंत्र बंद पडेल. दुसरा धोका आणखी छुपा. स्ट्रएनकॉपी उरलेली जागा शून्यांनी भरतं, स्ट्रएसकॉपी भरत नाही. तो रकाना पुढे जसाच्या तसा वापरकर्त्याच्या प्रोग्रामला दिला जाणार असेल, तर न पुसलेल्या जागेतून कर्नलची जुनी मेमरी बाहेर फुटते. एक भोक बुजवताना दुसरं पाडलं, असं व्हायचं. म्हणून जागा भरून काढणारी स्ट्रएसकॉपीची बहीण 2019मध्ये आली, आणि बिनशून्याच्या रकान्यांसाठी वेगळी फंक्शनंही पुढे आली.

2023पासून गूगलमधल्या एका तरुण अभियंत्याने हे काम अंगावर घेतलं. त्याचे पॅच बहुधा दोन-चार ओळींचे, पण सोबतचं टिपण पानभर. ही जागा पुढे छपाईसाठी वापरली जाते, म्हणजे शून्य हवंच. ती मागताना आधीच पुसून मिळालेली आहे, म्हणजे भरायची गरज नाही. म्हणून अमुक फंक्शन. वकिलाने पुरावा मांडावा तशी ही टिपणं आहेत. त्यांतून पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हरमधल्या रकान्यांचा मूळ हेतू पहिल्यांदाच कुठेतरी लिहून ठेवला गेला. काही मेंटेनरांना हा सगळा खटाटोप निरुपद्रवी कोडची उगाच उलथापालथ वाटला, आणि त्यांचं अगदीच चूक नव्हतं. बदललेल्या ओळींपैकी कितीतरी निर्धोकच होत्या; पाच-सहा अक्षरांचं ठरलेलं नाव 32 बाइटांत उतरवताना काय सांडणार? तरीही मला कुकच्या बाजूचा युक्तिवाद पटतो. जुनी ओळ जिवंत असेपर्यंत ती पुढच्या ड्रायव्हरमध्ये उतरते, आणि त्या ड्रायव्हरचं नाव ठरलेलं असेलच असं नाही; ते एखाद्या अनोळखी उपकरणाकडूनही येऊ शकतं, कायाकसारखं.

2024च्या 6.9 आवृत्तीत स्ट्रएसकॉपीला आकार न सांगण्याची मुभा मिळाली. जागा ठरीव मापाची असेल तर कंपायलर आकार स्वतः काढतो, आणि नुसता पत्ता दिला तर कोड बांधायलाच नकार देतो. नुसता पत्ता असेल तिथे मात्र आकार अजूनही माणसालाच सांगावा लागतो. स्ट्रकॉपी तर या काळातही पूर्ण गेलेलं नव्हतं. साउंड ड्रायव्हरांमधून ते उपटण्याचं काम इवाईने अगदी 2025मध्येही चालू ठेवलं होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जीसीसी 15 आला आणि त्याने नवीच तक्रार सुरू केली: चार अक्षरांचा मजकूर चारच बाइटांच्या रकान्यात ठेवताय, शून्याला जागा कुठे? एसीपीआयच्या, म्हणजे संगणकाच्या फर्मवेअरकडून येणाऱ्या तक्त्यांच्या सह्या अशाच चार अक्षरांच्या असतात. तिथे शून्य नकोच असतं. टोरवाल्ड्सने आपल्या संगणकावर फेडोरा या लिनक्स सिस्टीमची नवी आवृत्ती चढवली आणि वॉर्निंगांचा पाऊस पाहून 6.15च्या तिसऱ्या चाचणी-आवृत्तीच्या तोंडावर स्वतःच त्या रकान्यांवर 'ही स्ट्रिंग नव्हे' अशा खुणा केल्या. त्यामुळे जुन्या कंपायलरवर कोड बांधताना नव्या अडचणी उभ्या राहिल्या. कुकने तक्रार केली की हीच दुरुस्ती आपण रीतसर तयार करून रांगेत लावली होती, आणि दोघांची जाहीर बाचाबाची झाली.